‘आधी वाचता येऊ द्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

धाराशिव जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांमधील वाचनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : ‘आधी पोरांना वाचता तर येऊ द्या, गोडीचे पुढे बघू.’ शिक्षण परिषदेत ते येते, केंद्रप्रमुखांच्या भेटीत येते, पालकसभेत येते. बोलणाऱ्यांची तळमळ खोटी नसते. ज्या वर्गात निम्मी मुले जोडाक्षरापाशी अडखळतात, तिथे गोष्टींच्या पुस्तकांची चर्चा करणे त्यांना चैन वाटते. पण या एका वाक्याने शाळेचे सारे वर्ष आखले जाते. जूनपासून अक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, मग उताऱ्याची चाचणी; आणि गोडीसाठी ऑक्टोबरातला एक दिवस. माझे म्हणणे असे की हा क्रमच चुकलेला आहे. गोडीला नंतरची जागा दिल्यामुळे वाचताही येत नाही आणि गोडीही लागत नाही, आणि या चुकीची सर्वांत मोठी किंमत याच जिल्ह्यातली मुले मोजतात.

समोरच्या बाजूचे म्हणणे आधी पुरते मांडायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २०.९ टक्के होती, करोनानंतर २०२२ साली ती १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ साली २३.४ टक्क्यांवर आली. पाचवीत हाच आकडा २०२४ साली ४४.८ टक्के होता. म्हणजे पाच वर्षे शाळेत काढूनही निम्म्याहून अधिक मुले दुसरीचे पान सरळ वाचू शकत नाहीत. धाराशिव जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातले असे चारच जिल्हे, बाकीचे नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोली. या यादीत असणे म्हणजे शिक्षणाच्या निर्देशांकांवर सतत नजर असणे. शिवाय जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत दिली आहे. अशा वेळी शिक्षकाने अक्षरओळखीचा ध्यास घेतला तर त्याला दोष देता येत नाही. लक्ष्याशी माझा वाद नाही. तिसरीच्या मुलाला वाचता आलेच पाहिजे. वाद आहे तो तिथवर जाण्याच्या वाटेविषयी.

आपली लिपी नियमबद्ध आहे, पण लांबलचक आहे. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरे, रफार, अनुस्वार. रोमन लिपीतल्या सव्वीस अक्षरांसारखा हा पल्ला दोनचार महिन्यांत संपत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास केला त्यातून दिसले की आपल्यासारख्या लिप्यांमध्ये अक्षरज्ञान पक्के होण्याची प्रक्रिया तिसरी-चौथीपर्यंत चालूच राहते. कन्नड आणि मराठी लिपीची घडण या बाबतीत सारखी आहे. आता ‘आधी वाचता येऊ द्या’ या वाक्याचा अर्थ नीट पाहा. अक्षरे पुरी होईपर्यंत गोष्ट नाही, असे ठरवले तर मूल सहाव्या वर्षापासून नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत कारण न समजता कष्ट करत राहते. ‘क’ला काना ‘का’ हे कशासाठी गिरवायचे, त्याच्या पलीकडे काय आहे, हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते. मोठ्या माणसालाही इतकी वर्षे फळ न पाहता राबवत नाही. मुलाने तिसरीत पाटी बाजूला सारली तर त्यात त्याचा आळस शोधणे अन्याय आहे.

हे नुसते तर्काने सांगत नाही. गेल्या दशकात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत सलग पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेचाही त्यात सहभाग होता. या वर्गांमध्ये बहुतेक वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यात आणि एकसुरात म्हणण्यात जात होता. अर्थ समजणे ही पुढच्या इयत्तांची बाब मानली जात होती आणि पाठ्यपुस्तकाबाहेरची बालपुस्तके वर्गात जवळजवळ दिसत नव्हती. तरीही तिसरीपर्यंत पोचलेली कितीतरी मुले साधे शब्द वाचू शकत नव्हती. म्हणजे जो क्रम ‘व्यवहारी’ म्हणून पुढे केला जातो, तो वर्षानुवर्षे चालूच आहे आणि त्याचे फळ आपल्या समोर आहे. गोष्टी वगळून अक्षरे पक्की झाली असती, तर ‘असर’चे आकडे असे का दिसले असते?

उलट क्रम या मातीला अनोळखी नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव याच जिल्ह्यातले. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या कुंभार संताचे अभंग शतकानुशतके लोकांनी आधी कानांनी घेतले. आजही गावोगावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्यांमध्ये शाळेत फार न गेलेली माणसे असतात. समोर पोथी उघडी असते, व्यासपीठावरून ओवी येते, आणि बोट ओळीवरून सरकत राहते. ओवी कानाला पाठ झालेली असते, म्हणून डोळ्याला अक्षर सापडते. कित्येक बायाबापड्यांची साक्षरता अशीच उभी राहिली आहे. ओढ आधी होती, मजकूर आधी कानात होता, वाचणे मागाहून आले. आपल्या समाजाने मोठ्या माणसांबाबत जे मानले, ते सहा वर्षांच्या मुलाला नाकारायचे काय कारण?

शाळेत याचे रूप अगदी साधे आहे. शिक्षकाने रोज एक गोष्टीचे पुस्तक हातात धरून, चित्रे दाखवत, मोठ्याने वाचायचे. गोष्ट तोंडी सांगणेही चांगलेच, पण छापील पानावरून वाचणे वेगळे, कारण तिथे मुलाला कळते की ही गंमत त्या काळ्या ओळींतून येते आहे. धाराशिवमध्ये याला आणखी एक कारण आहे. भूम-परंड्याच्या वस्त्यांवर जी मराठी बोलली जाते ती पाठ्यपुस्तकातली नव्हे. तांड्यांवरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी आहे. उमरग्याच्या सीमेकडच्या गावांत घरात कन्नड असते. तुळजापूर-नळदुर्ग पट्ट्यात दखनी बोलणारी घरे आहेत. या मुलांसाठी पुस्तकी मराठी ही जवळपास दुसरी भाषा आहे. जे वाक्य आयुष्यात कधी कानावर पडले नाही, ते अक्षर-अक्षर जुळवून वाचले तरी समजायचे कसे? पुस्तकी मराठीची वळणे आधी कानात मुरली पाहिजेत, आणि ती मुरवण्याचे रोज ऐकलेल्या गोष्टीइतके स्वस्त आणि खात्रीचे साधन दुसरे नाही. म्हणून ‘आमच्या मुलांना वाचता येत नाही, त्यांना पुस्तके काय द्यायची’ हा आक्षेप मला उलटा वाटतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाच वाचून दाखवण्याची गरज सर्वाधिक आहे.

गोडीला ‘नंतर’ ढकलले की ती समारंभाच्या वाट्याला येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. १ जानेवारी २०२२ पासून केंद्राने शंभर दिवसांची वाचन मोहीम घेतली. पुढे राज्याने महावाचन उत्सव आणला. २०२४ च्या उत्सवात तिसरी ते बारावीच्या मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर लिहून ते पोर्टलवर चढवायचे होते आणि उत्तम लेखनाला पारितोषिके होती. या उपक्रमांमागची इच्छा चांगली आहे आणि काही शाळांत त्यांनी कपाटांना हात लागला, हेही मान्य. पण महावाचन उत्सवाच्या रचनेत पहिली-दुसरी कुठे आहे? जी वर्षे निर्णायक, तीच बाहेर. आणि भाग कोण घेऊ शकतो? ज्याला आधीच सफाईने वाचता-लिहिता येते तो. म्हणजे ‘आधी वाचता येऊ द्या’ हाच क्रम उत्सवाच्या रूपाने परत येतो : हुशार चार मुले व्यासपीठावर आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवायला.

बक्षिसांचे समर्थन करणारे म्हणतात की काहीतरी आमिष हवेच, त्याशिवाय मूल पुस्तक हातात घेत नाही. या समजुतीची परीक्षा १९७३ सालीच झालेली आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना निवडले. काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. काहींना प्रमाणपत्र अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा, आमिष दाखवलेल्या गटातली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. जे आनंदासाठी करत होते ते बक्षिसासाठी करू लागले, आणि बक्षीस संपताच करणे कमी झाले. प्रयोग चित्रांचा आहे, वाचनाचा नाही, हे खरे. तरी ज्या शाळांत ‘किती पुस्तके वाचली’ याचे तक्ते भिंतीवर लागतात आणि मुले पातळ पुस्तके शोधून आकडा वाढवतात, तिथे याहून वेगळे काही घडत असेल असे मानायला आधार नाही. पुस्तक वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावणे, तात्पर्य विचारणे, हीही तीच चूक आहे. गोष्ट संपल्यावर मुलाला बोलावेसे वाटले तर बोलू द्यावे. नाही वाटले तर पुढची गोष्ट उघडावी.

आता या जिल्ह्याच्या दिनदर्शिकेकडे पाहा. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला आणि साधारण त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या मागेपुढे, कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जाते आणि गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते. हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती जिथे नीट चालते तिथे मुले गावात राहतात. पण लहान भावंडे सांभाळायला किंवा मागे कुणी नाही म्हणून कितीतरी मुले फडावर जातात. अशा मुलाच्या शालेय वर्षाचे खात्रीचे महिने चारच : जून ते सप्टेंबर. वाचनाचा मुख्य सोहळा ऑक्टोबरात आणि चाचण्यांचा भर जानेवारी-फेब्रुवारीत ठेवणारी व्यवस्था या मुलाला वर्षाबाहेर ठेवते. रोज वाचून दाखवणे शाळेच्या पहिल्या दिवसापासून सुरू झाले, तर याच चार महिन्यांत त्याच्या कानावर ऐंशी-नव्वद गोष्टी पडू शकतात. स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक देतात. त्या कागदाबरोबर दहा गोष्टींची पुस्तके पिशवीत घालून द्यायला कोणती अडचण आहे? कोपीत पुस्तके भिजतील, फाटतील. भिजू देत. हंगामभर त्या मुलाच्या हाताला छापील पान लागले, हे त्या दहा पुस्तकांच्या किमतीपेक्षा फार मोठे आहे.

सर्वांत जोरकस आक्षेप वेळेचा. द्विशिक्षकी शाळा, एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, त्यावर ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, शिष्यवृत्तीची तयारी. या ओझ्याची तक्रार रास्त आहे आणि ते कमी व्हायलाच हवे. पण गणित मांडून पाहू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. रोज वीस मिनिटे दिली तर वर्षाला साधारण ६७ तास होतात, म्हणजे एकूण वेळेचा बारावा भाग. हा वेळ भाषेच्या तासातूनच यायचा आहे, बाहेरून आणायचा नाही. आज तो वेळ उतरवून काढण्यात जातो, ज्याचे फळ वर पाहिले. शिवाय बहुवर्गीय शाळेत वाचून दाखवणे हे ओझे कमी करणारे काम आहे. पहिली ते चौथीची मुले एका गोष्टीला एकत्र बसू शकतात, आणि हे बेरजेच्या किंवा व्याकरणाच्या पाठाला जमत नाही. उरलेल्या वेळात चौथीतले मूल पहिलीतल्याला वाचून दाखवू शकते. त्यात दोघांचेही वाचन होते.

दुसरा आक्षेप पुस्तकांचा, आणि इथे दोष शिक्षकापेक्षा व्यवस्थेचा जास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय, त्यात वृत्तपत्र, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत असे स्पष्ट लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पन्नास रुपयांना एक धरले तरी शंभर पुस्तके होतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण नीट वापरली तर पाच वर्षांत वाडीवरच्या शाळेचेही कपाट भरते. मात्र ही पुस्तके साठा नोंदवहीत चढतात आणि तिथेच अडकतात. एखादे हरवले की तपासणीत शेरा, बदली झाली की पदभार देताना हिशेब. अशा वेळी कुलूप लावणारा शिक्षक स्वतःला वाचवत असतो. म्हणून जिल्हा परिषदेने लेखी सांगितले पाहिजे की बालपुस्तकांपैकी ठरावीक हिस्सा दरवर्षी वापराने जीर्ण किंवा गहाळ होणार हे गृहीत आहे, त्याचे निर्लेखन मुख्याध्यापकाच्या सहीने होईल आणि कुणाकडून वसुली होणार नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कोरी करकरीत पुस्तके दिसल्यावर खुलासा मागावा. निवडीकडेही पाहायला हवे. सात वर्षांच्या मुलासाठी बारीक टायपातली थोरांची चरित्रे आणि तात्पर्याच्या बोधकथा यांनी कपाट भरले, तर ते उघडे ठेवूनही उपयोग नाही. मराठीत आज चांगल्या बालपुस्तकांची वाण नाही. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तके आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, ‘प्रथम बुक्स’ची स्वस्त चित्रपुस्तके आहेत, बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे. खरेदीच्या यादीत मुलांची आणि वर्गशिक्षकाची निवड असावी, पुरवठादाराची नव्हे.

मोबाइलने वाचन मारले, ही तक्रार शहरात कदाचित अधिक लागू असेल. ‘असर’च्या २०१८ च्या आकड्यांकडे पाहा : आजच्यासारखे घरोघरी मोबाइल येण्याआधीही सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पाचपैकी चार मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. ज्या घरात पुस्तक कधी आलेच नाही, तिथे मोबाइलने पुस्तक हुसकावले असे म्हणता येत नाही. आणि पालक अशिक्षित आहेत, हे कारण पुढे करणाऱ्यांनी त्याचा पुरता अर्थ लावावा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७८ टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांच्या घरी वाचून दाखवणारे कुणी नाही, त्यांच्यासाठी ती जागा शाळेखेरीज दुसरे कोण घेणार?

राहिला सुटीचा प्रश्न, कारण ‘वर्षभर’ या शब्दात मे महिनाही येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात रिचर्ड अॅलिंग्टन आणि अॅन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली. ना शिकवणी, ना चाचणी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मुलांची वाचनातली प्रगती पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती आणि सर्वांत गरीब मुलांना लाभ सर्वांत जास्त झाला. आपल्याकडे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये गावोगाव आहेत. शाळेचे कपाट एप्रिलअखेर वाचनालयात नेऊन ठेवावे, किंवा मुलांनीच निवडलेली पुस्तके सुटीभर घरी द्यावीत. त्यासाठी नवी योजना लागत नाही.

जानेवारी २०२० मध्ये याच जिल्ह्याने ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद घेतले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव होते आणि दुष्काळाने वाकलेल्या जिल्ह्यातले लोक तीन दिवस गर्दी करून आले. पुस्तकांविषयीची आस्था इथे आहेच, तिला शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळायला हवी. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे मागणी एवढीच आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील त्या दिवशी पहिली ते पाचवीच्या प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात वाचून दाखवण्याची आणि मोकळ्या वाचनाची वीस मिनिटे छापलेली असावीत, कपाटाचे कुलूप निघालेले असावे आणि फाटलेल्या पुस्तकाची वसुली होणार नाही असे परिपत्रक मुख्याध्यापकाच्या हातात असावे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी पुढच्या बैठकीत एक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा : आमच्या मुलांना आज वर्गात कोणते पुस्तक वाचून दाखवले?